यमुनेच्या दोन तीरांवर

दिल्लीस येणारा प्रवासी बहुधा यमुनेच्या पश्चिम तीरावर उतरतो आणि पश्चिम तीरावरच फिरतो. लाल किल्ला, पुराना किल्ला, हुमायूनची कबर ही प्रसिद्ध स्थळे त्याच बाजूस आहेत. पूर्व तीर त्याला दिसतो तो पुलावरून जाताना, गाडीच्या खिडकीतून, आणि तोही क्षणभर. या पूर्व तीरावर दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेली मयूर विहार ही वसाहत आहे. तिच्या पश्चिमेस नोएडाकडे जाणारा रस्ता, रस्त्यापलीकडे भाजीपाल्याची शेते आणि शेतांपलीकडे यमुना, अशी येथील भूमीची रचना आहे. नदी, तलाव आणि इतिहासाची स्थळे एकत्र पाहू इच्छिणाऱ्या सायकलस्वारास प्रारंभासाठी याहून सोयीचे ठिकाण दिल्लीत क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाला या परिसराविषयी विशेष कुतूहल वाटावे असे आणखी एक कारण आहे. इ. स. १७३७ ते १८०३ या काळात मराठ्यांचा दिल्लीशी जो संबंध आला, त्यातील अनेक महत्त्वाचे प्रसंग याच नदीच्या काठी घडले. बाजीरावाची धडक, दत्ताजी शिंद्यांचा मृत्यू, सदाशिवरावभाऊंचा दिल्लीतील मुक्काम आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव यांची स्थळे मयूर विहारपासून सायकलच्या टप्प्यात आहेत. या घटना पुस्तकात वाचताना नदी केवळ एक नाव असते. प्रत्यक्ष तिच्या काठाने गेल्यावर मात्र ध्यानात येते की, यांपैकी जवळजवळ प्रत्येक प्रसंगाचा निकाल नदीच्या पाण्याशी कोठे ना कोठे जोडलेला होता.

सायकल आणि भूमीचे वाचन

आज वापरात असलेल्या सायकलीचे मूळ रूप इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास जॉन केंप स्टार्ली याने सिद्ध केले. दोन सारख्या आकाराची चाके आणि मागील चाकास साखळीने मिळणारी गती ही त्याची वैशिष्ट्ये होत. १८८८ मध्ये डनलॉपने हवेची धाव तयार केली आणि हे वाहन लांबच्या प्रवासास योग्य ठरले. आपल्याकडेही या वाहनाने लवकरच घर केले. १९२३ च्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईचे काही पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले आणि त्यांतील तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. पुणे शहर तर दीर्घकाळ सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जात असे.

सायकलीचा वेग तासाला १२ ते १५ किलोमीटर धरला, तर सकाळच्या तीन तासांत ३० ते ४० किलोमीटरचा फेरा विश्रांतीसह आरामात होतो. परंतु वेगापेक्षाही महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मोटारीत बसलेल्या माणसाला दोन-तीन मीटरचा चढ जाणवत नाही. सायकलस्वाराच्या पायांना तो तत्काळ जाणवतो. दिल्लीचा हा भाग पाहताक्षणी सपाट वाटतो, पण तो खरोखर सपाट नाही, आणि त्या लहानशा चढ-उतारातच येथील इतिहासाचे आणि येथील पुरांचे मर्म आहे.

खादर आणि बांगर

उत्तर भारतातील नद्यांच्या काठची जमीन दोन प्रकारची असते. नदीचे पूर जेथवर पसरतात आणि दर पावसाळ्यात नवा गाळ टाकतात, त्या सखल पट्ट्यास 'खादर' म्हणतात. त्याच्या बाहेरची जुन्या गाळाची, उंचावरची जमीन ती 'बांगर'. खादरात पाणी ओसरल्यावर पिके घेतली जातात. वस्ती मात्र पूर्वापार बांगरावर असे. हा भेद शेतकऱ्यांच्या बोलीत आणि सरकारी महसुलाच्या कागदांतही टिकून आहे. मयूर विहारला लागून असलेल्या चिल्ला गावाच्या जमिनींची नोंद 'चिल्ला सरोदा बांगर' आणि 'चिल्ला सरोदा खादर' अशी दोन नावांनी केलेली आढळते. गाव एक, परंतु जमिनी दोन. एक माणसांच्या वस्तीची, दुसरी नदीच्या हक्काची.

शेजारच्या पटपडगंजचे नावही असेच बोलके आहे. हिंदीत 'पटपर' म्हणजे सपाट, मोकळी जमीन आणि 'गंज' म्हणजे बाजारपेठ. मोगल काळात नदीपलीकडची ही धान्याची पेठ होती. दुआबातून येणारे धान्य यमुना ओलांडून राजधानीत जाण्यापूर्वी या तीरावर उतरत असे.

पुरापासून वस्तीचे रक्षण करण्यासाठी नदीच्या दोन्ही बाजूंस मातीचे बांध घातलेले आहेत. पूर्व तीरावरील लोक अशा बांधास 'पुश्ता' म्हणतात आणि त्यावरून जाणाऱ्या रस्त्यास पुश्त्याचा रस्ता. सायकलस्वाराने हा शब्द ध्यानात ठेवावा, कारण रस्ता विचारताना तोच उपयोगी पडतो. पुश्त्यावर चढताना पायांना जो ताण पडतो, तो खादर संपून माणसाने आखलेली मर्यादा सुरू झाल्याची खूण होय.

पहिला मार्ग : संजय सरोवर आणि पटपडगंजची रणभूमी

पहिला फेरा पूर्व तीरावरच राहतो. तो सुमारे २५ किलोमीटरचा असून नवशिक्यासही जमण्यासारखा आहे. मयूर विहारहून निघून प्रथम त्रिलोकपुरीलगतच्या संजय सरोवराकडे जावे. पावसाचे पाणी साचून राहणाऱ्या सखल जमिनीचा उपयोग करून दिल्ली विकास प्राधिकरणाने हे सरोवर तयार केले आणि १९८२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. सरोवराचा विस्तार सुमारे १७ हेक्टर आहे आणि भोवती दाट झाडी आहे. हिवाळ्यात येथे वारकरी, थापट्या, हळदी-कुंकू बदक असे पक्षी दृष्टीस पडतात. सरोवर मानवनिर्मित असले तरी त्याची जागा माणसाने निवडली असे म्हणणे पूर्णपणे बरोबर होणार नाही. पाणी आधीच तेथे साचत होते. माणसाने त्याला काठ दिला, एवढेच.

तेथून पटपडगंज गावाला वळसा घालून दक्षिणेस नोएडाच्या दिशेने जावे. नोएडातील गोल्फच्या मैदानात एक दगडी स्मारक उभे आहे. मैदान क्लबाचे असल्याने आत जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. दिनांक ११ सप्टेंबर १८०३ रोजी या परिसरात जी लढाई झाली, तिची ही खूण होय. इतिहासात ती दिल्लीची लढाई किंवा पटपडगंजची लढाई म्हणून ओळखली जाते.

त्या वेळी दिल्ली दौलतराव शिंद्यांच्या अंमलाखाली होती. वृद्ध आणि अंध बादशहा शाह आलम नावापुरता सिंहासनावर होता. जनरल लेक याच्या हाताखालील इंग्रजी फौजेने ४ सप्टेंबर रोजी अलिगडचा किल्ला घेतला आणि ती दिल्लीकडे निघाली. शिंद्यांच्या कवायती फौजेचा मुख्य सेनापती पेराँ हा फ्रेंच अधिकारी ऐन वेळी इंग्रजांच्या आश्रयास गेला होता. दिल्लीतील पलटणींचे नेतृत्व लुई बुर्कँ याच्याकडे आले. तो यमुना ओलांडून पूर्व तीरावर आला आणि उंचवट्याच्या जमिनीवर त्याने तोफा मांडल्या. दोन्ही बगलांना दलदल होती आणि पाठीशी यमुना होती.

ही जागा समोरून हल्ला करणाऱ्यास अवघड होती, यात शंका नाही. खादर आणि बांगर यांचा भेद जाणणाऱ्या वाचकास तिचे बळ सहज कळेल. उंच भागावर तोफा असतील आणि बाजूंच्या सखल भागात चिखल असेल, तर शत्रूला वळसा घालून येता येत नाही. लेकने यावर एक युक्ती योजली. त्याने आपले घोडदळ पुढे नेऊन मग मुद्दाम मागे घेतले. शत्रू पळत आहे असे वाटून शिंद्यांच्या पलटणी आपली मजबूत जागा सोडून पुढे सरसावल्या. घोडदळाच्या आड दडलेले इंग्रजी पायदळ समोर आले आणि संगिनींच्या हल्ल्याने त्यांची फळी फोडली. आता जी नदी पाठीचे संरक्षण वाटत होती, तीच घात करणारी ठरली. सप्टेंबर महिन्यात यमुना भरलेली असते. माघारीस वाट न उरल्याने अनेक सैनिक पाण्यात शिरले आणि बुडाले किंवा मारले गेले. ६८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. इंग्रजांकडील मृत आणि जखमींची संख्याही चारशेहून अधिक होती. शिंद्यांचे शिपाई शौर्यात उणे पडले नव्हते, ही गोष्ट या आकड्यावरूनच स्पष्ट होते.

पुढे ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दिल्ली, आग्रा आणि दुआब हे प्रदेश शिंद्यांच्या हातून गेले. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेऊन पुढील वर्षी शाह आलमला तेथे आणून बसविले होते. त्या कर्तृत्वाचा शेवट या मैदानात झाला. याच महिन्याच्या २३ तारखेस मराठवाड्याच्या सीमेवर असईची लढाई झाली. ती मराठी वाचकास परिचित असते. तिच्या बारा दिवस आधीची ही लढाई मात्र फारशी कोणाच्या स्मरणात नाही. रणभूमीवर आज इमारती, रस्ते आणि बागा आहेत.

दुसरा मार्ग : ओखल्याचे पक्षी आणि कालकाजी

दुसरा फेरा सुमारे ३० किलोमीटरचा आहे. मयूर विहारहून नदीच्या कडेने दक्षिणेस गेल्यावर ओखल्याचे पक्षी अभयारण्य लागते. आग्रा कालव्यास पाणी देण्यासाठी १८७४ मध्ये ओखला येथे यमुनेवर बंधारा बांधण्यात आला. नंतर त्याच परिसरात नवे, अधिक मोठे धरण झाले आणि त्यामागे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. उत्तर प्रदेश शासनाने १९९० मध्ये सुमारे ४ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले. येथे तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणारी बदके आणि हंस जातीचे पक्षी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येथे राहतात. चक्रवाकाच्या जोड्या, शेकाट्यांचे थवे आणि क्वचित रोहित पक्षीही येथे दिसतो.

धरणावरून नदी ओलांडताना दुसरेही एक दृश्य दिसते, आणि ते पाहून मन खिन्न होते. पावसाळा संपल्यावर, विशेषतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, धरणाखालील पाण्यावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगतात. लांबून ते बर्फासारखे भासतात. या फेसाचे कारण साधे आहे. शहराच्या सांडपाण्यातून साबण आणि धुलाईची द्रव्ये नदीत येतात. या द्रव्यांमुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. असे पाणी धरणावरून खाली कोसळते तेव्हा त्यात हवा मिसळते आणि बुडबुडे न फुटता टिकून राहतात. पावसाळ्यात भरपूर पाण्यामुळे ही द्रव्ये विरळ होतात. पावसाळ्यानंतर प्रवाह कमी झाला की फेस वाढतो. यमुनेची एकूण लांबी सुमारे १,३७० किलोमीटर आहे. वजीराबाद ते ओखला हा तिचा भाग अवघा २२ किलोमीटरचा, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी आहे. परंतु नदीतील प्रदूषणाचा फार मोठा वाटा, सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक, याच टप्प्यात तिच्यात मिसळतो. त्याच पाण्यावर हजारो मैलांवरून आलेले पक्षी उतरतात, हे या स्थळाचे विलक्षण वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

नदी ओलांडून पश्चिमेस गेल्यावर कालकाजीचे देवालय येते. १७३७ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस पहिल्या बाजीरावाने मोगल सरदारांना चुकवून थेट दिल्लीवर धडक मारली, तेव्हा त्याची फौज या भागात आली होती. त्या दिवसांत येथे देवीची जत्रा भरलेली होती. शहरातून चालून आलेल्या मोगल फौजेशी तालकटोऱ्याजवळ चकमक झाली आणि तीत मराठ्यांचा जय झाला. मात्र बाजीरावाने शहर लुटले नाही. बादशहाला आपले सामर्थ्य दाखवून तो परत फिरला. आज दिल्लीत तालकटोरा हे नाव उद्यानासाठी आणि क्रीडागृहासाठी प्रसिद्ध आहे.

तिसरा मार्ग : नदी निघून गेलेल्या किल्ल्यांकडे

तिसरा फेराही सुमारे ३० किलोमीटरचा आहे, परंतु थांबण्याची स्थळे अधिक असल्याने त्यासाठी पूर्ण दिवस द्यावा. निजामुद्दीन पुलाने यमुना ओलांडली की प्रथम हुमायूनची कबर येते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली ही वास्तू १९९३ पासून जागतिक वारसा स्थळांच्या यादीत आहे. तिची बाग नदीच्या काठाशी मिळत असे. तेथून उत्तरेस पुराना किल्ला. हुमायूनने १५३३ मध्ये येथे नगराचा पाया घातला आणि शेरशहाने पुढे बांधकाम केले. येथील शेर मंडल या इमारतीच्या पायऱ्यांवरून पडून १५५६ च्या जानेवारीत हुमायूनचा अंत झाला.

आणखी उत्तरेस फिरोजशहा कोटला आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपरा येथील अशोकस्तंभ आणून येथे उभा केला. हा स्तंभ अखंड दगडाचा असून सुमारे १३ मीटर उंच आहे. तो इतक्या दूर आणण्याचे काम कसे झाले, त्याचे वर्णन समकालीन इतिहासकार शम्स सिराज अफीफ याने केले आहे. स्तंभाभोवती सावरीचा कापूस आणि बोरू गुंडाळून तो आडवा केला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावरून यमुनेपर्यंत ओढून नेला आणि तेथून मोठ्या नावांवर चढवून प्रवाहाबरोबर दिल्लीस आणला. नदी ही त्या काळी राजधानीची सर्वांत मोठी सडक होती, हे यावरून कळते. पुढे याच स्तंभावरील लेखांच्या साहाय्याने जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली.

यानंतर राजघाट आणि मग लाल किल्ला. शाहजहानने १६३९ ते १६४८ या काळात बांधलेल्या या किल्ल्याच्या पूर्वेकडील भिंतीखालून यमुना वाहत असे. राजमहालाची दालने मुद्दाम त्या बाजूस ठेवलेली होती. आज त्या भिंतीखालून वाहनांचा मोठा रस्ता जातो आणि नदी बरीच पूर्वेस सरकलेली आहे. हुमायूनची कबर, पुराना किल्ला, कोटला आणि लाल किल्ला या चारही वास्तू नदीकाठी बांधलेल्या आहेत, परंतु त्यांपैकी एकीवरही आता पाण्याची लाट आदळत नाही. प्रवाश्याने प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबून नदीला मनाने तिच्या जुन्या जागी ठेवून पाहावे, म्हणजे वास्तूचा तोंडवळा आणि तिचे प्रयोजन उलगडते.

१७६० च्या ऑगस्ट महिन्यात सदाशिवरावभाऊंनी हा किल्ला घेतला, तो प्रसंगही नदीविना समजणार नाही. पावसाळ्यामुळे यमुना दुथडी भरली होती. पश्चिम तीरावर भाऊंची फौज आणि पूर्वेकडे दुआबात अहमदशहा अब्दाली, असे दोन शत्रू एकमेकांना भिडू न शकता थांबून राहिले. दुआबातील धान्य आणि पैसा अब्दालीच्या बाजूस होता. भाऊंकडे रसद आणि पैसा या दोहोंची टंचाई होती. त्यांनी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी काढून तिची नाणी पाडली. ती सैन्याच्या खर्चास लावावी लागली, यावरून टंचाईची तीव्रता कळून येते. ऑक्टोबरात पाणी उतरू लागताच अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेस बागपतजवळ नदी ओलांडली आणि भाऊंचा दक्षिणेकडील मार्ग तोडला. त्याची परिणती १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतात झाली. नदी आपले संरक्षण करील ही समजूत फोल ठरली होती. त्रेचाळीस वर्षांनी पटपडगंजला पुन्हा तेच घडले.

लाल किल्ल्यालगतचा सलीमगड पाहून १८६६ मध्ये बांधलेल्या लोखंडी पुलाजवळ यावे. वर आगगाडी आणि खाली रस्ता अशी या पुलाची दुमजली रचना आहे. याच ठिकाणी यमुनेची पातळी मोजली जाते आणि पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून येणारे आकडे येथीलच असतात. नदी ओलांडून पुश्त्याच्या रस्त्याने दक्षिणेस वळले की शकरपूरमार्गे मयूर विहारला परतता येते.

चौथा मार्ग : बुराडीचा घाट

चौथा मार्ग जाऊन-येऊन ५५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि सराव झाल्यावरच त्यास हात घालावा. पूर्व तीराच्या पुश्त्याने उत्तरेस जाऊन वजीराबादजवळ नदी ओलांडावी. येथे तुघलककालीन जुना पूल आणि कबर आहे. नजफगडचा मोठा नाला, जो मुळात साहिबी नदीचा प्रवाह होता, तो येथेच यमुनेस मिळतो आणि नदीचा रंग बदलतो. वजीराबादच्या वरच्या अंगास यमुना अजून पाहण्यासारखी आहे. तेथील जैवविविधता उद्यानात खादरातील पाणथळ जागा पुन्हा जिवंत करण्याचा यशस्वी प्रयत्न झाला आहे.

पुढे बुराडी. मराठी इतिहासग्रंथांत ज्याला 'बरारी घाट' म्हणतात ते हेच स्थळ होय. १७६० च्या जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास अब्दाली आणि नजीबखान पूर्व तीरावर होते आणि दत्ताजी शिंदे पश्चिम तीरावरील घाटांचे रक्षण करीत होते. हिवाळ्यात यमुनेचे पाणी उतरते, अनेक प्रवाह पडतात आणि मधल्या बेटांवर झाऊ आणि बोरू यांचे रान माजते. १० जानेवारीच्या सकाळी शत्रूचे बंदूकधारी या रानाच्या आडोशाने पाणी उतरून आले. तलवार-भाल्यांनी लढणाऱ्या मराठ्यांना समोरचा शत्रू दिसत नव्हता. दत्ताजी धारातीर्थी पडले आणि जनकोजी जखमी झाले. दत्ताजींच्या अखेरच्या उद्गारांची कथा महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु नदीचे उतरलेले पाणी आणि बोरूचे रान हे या लढाईतील खरे निर्णायक घटक होते. हिवाळ्यात बुराडीच्या खादरात गेलेल्या सायकलस्वारास तेच पाणी आणि तसलेच गवत आजही पाहावयास मिळते. येथे इमारतींनी रणभूमी अजून पूर्णपणे झाकलेली नाही.

काही व्यावहारिक सूचना

ऑक्टोबर ते मार्च हा काळ थंडीचा असला तरी नोव्हेंबर ते जानेवारीत दिल्लीची हवा अनेक दिवस अतिशय दूषित असते आणि पहाटे दाट धुके पडते. अशा दिवशी सायकल बाहेर काढू नये. फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च हा काळ सर्वांत चांगला. एप्रिलनंतर उन्हाचा ताप वाढतो आणि पावसाळ्यात खादरात उतरणे धोक्याचे असते. भूमी सपाट असल्याने साधी, एका गतीची सायकल पुरते. पुश्त्याच्या कडेला वेड्या बाभळीचे काटे पसरलेले असतात, म्हणून हवेचा पंप, पाना, जादा ट्यूब आणि पंक्चर काढण्याचे साहित्य जवळ असावे. पिण्याचे पाणी पुरेसे घ्यावे. निजामुद्दीन पुलावरून जाणाऱ्या द्रुतगती मार्गाच्या मधल्या भागात सायकल नेऊ नये. कडेला सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यानेच जावे. सकाळी सातच्या आत मोठे रस्ते ओलांडले म्हणजे निम्मा धोका टळतो. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हेही ध्यानात ठेवावे.

नदीची जागा

या चार मार्गांवर एकच गोष्ट निरनिराळ्या रूपांत समोर येते. यमुना स्थिर नाही. ती पावसाळ्यात पसरते, हिवाळ्यात आकसते आणि शतकांच्या ओघात पात्र बदलते. तिच्या या स्वभावाची ज्यांना जाण नव्हती त्यांना त्याची किंमत द्यावी लागली. ही गोष्ट केवळ सेनापतींपुरती मर्यादित नाही.

१३ जुलै २०२३ रोजी लोखंडी पुलाजवळ यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली. १९७८ च्या महापुरातील २०७.४९ मीटरचा उच्चांक तिने मागे टाकला. पाणी राजघाटात शिरले आणि लाल किल्ल्याच्या पूर्वेकडील भिंतीपर्यंत पोहोचले. जणू नदी आपल्या जुन्या जागी परत आली होती. खादरात राहणारी शेतकरी आणि मजूर कुटुंबे गुरांसह रस्त्यावर आली. मयूर विहारच्या कडेने त्यांचे तंबू पडले. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, २०१९ मध्ये हथनीकुंडच्या बंधाऱ्यातून ८ लाखांहून अधिक क्युसेक पाणी सुटले असता दिल्लीतील पातळी २०६.६० मीटरपर्यंतच गेली होती. २०२३ मध्ये कमाल विसर्ग सुमारे ३.६ लाख क्युसेक होता. विसर्ग अधिक काळ चालू राहिला आणि पाऊसही जोराचा झाला, हे खरे. परंतु साचलेला गाळ, गाळात अडकलेले बंधाऱ्याचे दरवाजे आणि खादरातील बांधकामे यांमुळे पाण्याला पसरण्यास जागा उरली नव्हती, असे अनेक जाणकारांनी दाखवून दिले. २०२५ च्या सप्टेंबरातही पाण्याने २०७ मीटरची मर्यादा पुन्हा ओलांडली. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१५ मध्येच खादरात नव्या बांधकामास मनाई केली होती.

खादर ही मोकळी पडलेली जमीन नव्हे. पुराचे पाणी तेथे पसरते, जमिनीत मुरते आणि शहराच्या विहिरींना मिळते. पक्षी तेथे उतरतात, भाजीपाला तेथे पिकतो आणि बुराडीसारखी रणभूमी तेथेच अद्याप ओळखता येते. पटपडगंजची रणभूमी इमारतींखाली गेली. तिचे स्मरण एका दगडावर उरले आहे. बुराडीचे आणि चिल्ल्याचे खादर कोणत्या वाटेने जाईल, हे या पिढीच्या हाती आहे.

मयूर विहारला परतताना सायकलस्वाराने नोएडाच्या रस्त्याच्या कडेला थांबून पश्चिमेकडे पाहावे. खाली मुळा-पालकाची शेते, पलीकडे गवताची रेघ आणि त्यामागे पाण्याची पातळ पट्टी दिसते. पावसाळ्यात ही पट्टी त्याच्या पायाशी येते. नकाशावर यमुना निळ्या रेषेसारखी काढलेली असते, परंतु ती रेषा नव्हे, तर एक रुंद प्रदेश आहे.